चक्रीवादळ आणि घरची फटफटी

वादळाविषयीं लिहावयाचें म्हणजे माड, पोफळी, होड्या आणि घरांचीं छपरें यांविषयीं लिहावयाचें, असा प्रघात आहे. फटफटीविषयीं कोणी लिहीत नाहीं, आणि आम्हींही लिहिलें नसतें. परंतु यंदां उन्हाळ्याच्या सुटींत भेटीस आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, निघतांना आपल्या मोटारसायकलीवर बसतां बसतां विचारलें, "गुरुजी, वादळाचा इशारा आला तर ही कुठें ठेवावी?" प्रश्न साधा होता, तरी आम्हांस त्याचें उत्तर चटकन् देतां आलें नाहीं. मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत ज्याचीं तीस-पस्तीस वर्षें गेलीं, त्यानें या एका प्रश्नापुढें अडखळावें याला कारण आहे. ३ जून २०२० रोजीं आमच्या गोठ्याच्या भिंतीखालीं आमच्या सुनेची स्कूटर सांपडली, आणि त्या स्कूटरची जागा आम्हींच दाखविली होती. विद्यार्थ्यास उभ्याउभ्या जें सांगतां आलें नाहीं, तें येथें सविस्तर लिहीत आहों.

'फटफटी' हा शब्द ऐकून घरांतील मुलें हंसतात. त्यांच्या तोंडीं 'बाईक' आहे. पण आमच्या लहानपणीं गांवांत मोटारसायकल एकच, डॉक्टरांची. आणि तिचा आवाज खाडीच्या बाजूनें ऐकूं आला कीं कोणाकडे तरी दुखणें वाढलें, असें लोक समजत. त्या वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, एकट्या आमच्याच घरीं तीन दुचाक्या होत्या. पुतण्याची मोटारसायकल, सुनेची गिअर नसलेली स्कूटर, आणि थोरल्या बंधूंची जुनी स्कूटर, जी चालविली जाण्यापेक्षां पुसली अधिक जाई. पुतण्या गांवोगांव फिरून विहिरींवरील विजेचे पंप दुरुस्त करतो. सून (खरें म्हणजे पुतणसून, पण एकत्र कुटुंबांत असले हिशेब कोणी ठेवीत नाहीं) रुग्णालयांत परिचारिका आहे, आणि तें रुग्णालय घरापासून अकरा किलोमीटरांवर आहे. त्या दिवसांत टाळेबंदीमुळें एस. टी. बंद, आणि करोनाच्या साथीमुळें तिला रजा नाहीं. तेव्हां ती स्कूटर ही हौसेची वस्तु नव्हती. पहिल्या दोन वर्षांच्या पगारांतून शिल्लक टाकून तिनें ती स्वतः घेतली होती.

आमच्या बाजूस वादळ येत नाहीं, अशी आम्हां कोंकणच्या लोकांची एक जुनी समजूत होती. ती पूर्णपणें खरी नव्हती. नोव्हेंबर १९४८ मधील मुंबईच्या वादळाची आठवण वडील मंडळी सांगत; आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजीं 'फयान' वादळानें अलिबाग व मुंबई यांच्यामध्यें किनारा ओलांडला होता. तथापि बंगालच्या उपसागराच्या मानानें अरबी समुद्रांत वादळें कमी होतात, आणि जीं होतात त्यांपैकीं पुष्कळशीं गुजरातकडे किंवा ओमानकडे वळतात. म्हणून आम्ही निर्धास्त होतों. २०२० च्या ज्येष्ठांत मात्र ही निर्धास्ती उपयोगी पडली नाहीं. १ जूनला समुद्रांतील कमी दाबाचें क्षेत्र बळावलें, २ जूनला त्याचें चक्रीवादळ झालें, आणि ३ जूनला दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान तें अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर, आणि झोत १३० पर्यंत, असा हवामानखात्याचा अंदाज आहे. म्हणजे बातमी कानीं आल्यापासून वारा दारांत येईपर्यंत हातीं दोनच दिवस होते, आणि त्यांतला एक निर्जला एकादशीचा.

वादळाचें नांव 'निसर्ग'. हें नांव बांगलादेशानें सुचविलेलें. संस्कृत शिकलेल्या माणसास तें ऐकून क्षणभर गंमत वाटते. 'सृज्' धातूस 'नि' हा उपसर्ग लागून झालेल्या या शब्दाचा अर्थ आपण सृष्टि, स्वभाव असा घेतों; पण कोशांत त्याचा 'सोडून देणें, टाकणें' असाही अर्थ दिलेला आहे. आमच्या वाडीपुरता विचार केल्यास दुसरा अर्थच अधिक लागू पडला. 'सायक्लोन' हा शब्द तरी कोठला? तो आपल्याच देशांत, कलकत्त्यास, हेन्री पिडिंग्टन नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकांत घडविला. सर्पाच्या वेटोळ्याचा ग्रीक शब्द त्याच्या मनांत होता. हें वेटोळें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमची चूक त्याच्यापाशींच झाली.

२ जूनच्या संध्याकाळीं ओटीवर घरची बैठक बसली. शेजारच्या पत्र्याच्या घरांतील पांच माणसें रात्रीं आमच्याकडे यावयाचीं होतीं, वरून भाताचीं पोतीं पडवींतून ओटीवर आणलेलीं. जागेची ओढाताण होती. थोरल्या बंधूंची जुनी स्कूटर त्यांच्या शब्दाखातर ओटीच्या कोपऱ्यांत चढली. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, कारण आमच्या घरांत वस्तूंची योग्यता वयावरून ठरते. पुतण्याची मोटारसायकल माजघरांत नेण्याचें ठरलें. राहिली सुनेची. ती म्हणाली, "काका, माझीही आंत नाहीं का घेतां येणार?" आम्हीं म्हटलें, "वादळ समुद्रांतून येणार, समुद्र पश्चिमेला. गोठ्याच्या पश्चिम भिंतीच्या आंतल्या अंगाला लाव. वारा लागायचा नाहीं." रिकाम्या गोठ्याची ती भिंत जांभ्या दगडाची, मातींत रचलेली, पुरुषभर उंच. तिच्यावरील छपराचे वासे आम्हीं मागील वर्षींच काढून ठेवले होते. भूगोल शिकविलेल्या माणसाचें अनुमान. त्याला आडवें कोण येणार? सुनेनें स्कूटर तेथें नेऊन लावली, वर ताडपत्री घातली, आणि ती रात्रपाळीहून आलेली असल्यामुळें जाऊन झोंपली.

माजघराला लागून देवघर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि बऱ्याच अंतरावरील ज्योतीपर्यंत पोंचूं शकते. वहिनींचा नंदादीप कित्येक वर्षांत विझलेला नव्हता. ही गोष्ट त्यांच्या कानीं कोणीं घालावी, यावर आम्ही आणि पुतण्या एकमेकांकडे पाहात राहिलों. वहिनींनींच आमची सुटका केली. त्या म्हणाल्या, "भावजी, दिवा मी मागच्या खोलींत नेतें. देवांना अंधाराची भीति नाहीं." त्या दिवशीं त्यांच्या पोटांत पाण्याचा थेंबही नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळपासून पाऊस होता. दहाच्या सुमारास पडवीची झांपें उचलूं लागलीं, आणि तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं वारा समुद्राकडून येतच नव्हता. तो डोंगराकडून, पूर्वेकडून येत होता. आम्ही खिडकीपाशीं उभे होतों आणि पस्तीस वर्षांपूर्वीं फळ्यावर काढलेली आकृति डोळ्यांपुढें आली. उत्तर गोलार्धांत चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें केंद्राभोंवतीं फिरतो. केंद्र नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येत असलें, तर त्याच्या पुढच्या अंगास असलेल्या गांवावर वारा आग्नेयेकडून, पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. आणि केंद्र ओलांडून गेलें कीं तोच वारा वायव्येकडून व पश्चिमेकडून उलटतो. बायस बॅलट या डच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं सांगितलेला नियम आम्हीं मुलांकडून घोकून घेत असूं: वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें, म्हणजे कमी दाबाचें केंद्र आपल्या डाव्या हाताकडे असतें. वेटोळें सरकतें एका दिशेस, आणि त्याच्या आंतील वारा धांवतो भलत्याच दिशेस. नियम आम्हांस पाठ होता. स्कूटर लावतांना आठवला नाहीं.

पूर्वेच्या वाऱ्याला ती स्कूटर पूर्ण उघडी होती. प्रथम ताडपत्री फुगली, मग स्कूटर भिंतीकडे कलंडली, आणि ताडपत्री पोफळींवरून उडून गेली. यांत आश्चर्य कांहींच नव्हतें, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० किलोमीटरांचा वारा एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारें १७ किलोंचा भार टाकतो. वेग दुप्पट, १२० झाला, कीं भार दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें ६८ किलो होतो. दुचाकीची बाजू साधारण पाऊण चौरस मीटर धरली, तर पन्नास किलोंचा एक माणूस तिला अर्ध्या मीटर उंचीवर सतत ढकलीत आहे असें समजावें. गाडीचें वजन शंभर-सवाशें किलो असलें तरी मधल्या स्टँडवर तिचा तोल दोन्ही बाजूंस जेमतेम वीतभर जागेवर सांवरलेला असतो. वीतभराच्या आधारानें सवाशें किलो एका बाजूस, आणि अर्ध्या मीटराच्या उंचीवरून पन्नास किलो दुसऱ्या बाजूस. तराजू कोणीकडे झुकेल हें सातवींतला मुलगाही सांगेल. त्यांत सैल ताडपत्री घालणें म्हणजे गाडीला शीड लावणें होय. बाजूच्या स्टँडवर तर गाडी आधींच कललेली असते. तेव्हां ज्यांना वाटतें कीं एवढें लोखंड वारा काय हलविणार, त्यांनीं हा हिशेब एकदां कागदावर करून पाहावा.

दीडच्या सुमारास वारा एकाएकीं थांबला. पाऊसही थांबल्यासारखा झाला, पांढुरका उजेड पडला, आणि इतका वेळ ऐकूं न आलेला पन्हळीच्या पाण्याचा आवाज ऐकूं येऊं लागला. पुतण्यानें कडी काढली. "अप्पा, गेलं वादळ. तिची गाडी तेवढी उचलून उभी करतों." बायकोनें कष्टानें घेतलेली गाडी तिला पडलेली दिसूं नये, असेंही त्याच्या मनांत असावें. आम्ही ओरडलों, "मागें फीर, हा वादळाचा डोळा आहे!" डोळा म्हणजे काय हें त्यास कळलें नाहीं, किंवा कळूनही काकांच्या पुस्तकी बोलण्याकडे त्यानें लक्ष दिलें नाहीं, तो गोठ्याच्या वाटेला लागला. तेव्हां सून पायरीवर आली आणि म्हणाली, "अहो, राहूं द्या ती. आधीं आंत या." तो थबकला, एकदां गोठ्याकडे पाहिलें, आणि परत फिरला.

कडी लावून पांच मिनिटें झालीं असतील-नसतील, तोंच वारा समुद्राकडून आला. पहिल्यापेक्षां त्याचा आवाज निराळा होता. सकाळपासून भिजून गोठ्याच्या भिंतीची माती मऊ झालेली होतीच; ती भिंत आंतल्या अंगास, जेथें स्कूटर पडली होती तेथें, अखंड बसली. भिंत कोसळल्याचा आवाज आम्हांस आलाच नाहीं. एका क्षणीं खिडकींतून भिंत दिसत होती, दुसऱ्या क्षणीं तिच्या पलीकडची वाडी आडवी होतांना दिसूं लागली. पुतण्या आमच्याजवळ उभा राहून तें पाहात होता. त्यानें कांहीं म्हटलें नाहीं, आम्हींही म्हटलें नाहीं.

पोफळींचें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. तीनशें झाडांपैकीं चाळीस उभीं राहिलीं, आणि नवीन पोफळीला फळ धरावयास सात-आठ वर्षें लागतात, एवढ्यावरून वाचकांनीं समजून घ्यावें. ४ जूनला सकाळीं सून नेहमींप्रमाणें डबा घेऊन ओटीवर आली. गोठ्याकडे ती आदल्या संध्याकाळींच जाऊन आली होती. आम्हीं म्हटलें, "मुली, चूक माझी झाली." ती म्हणाली, "काका, उशीर होतोय." मोटारसायकल माजघरांतून बाहेर काढली, आणि दोघे निघालीं. रस्त्यावर झाडें व विजेचे खांब असे पडले होते कीं चार चाकांच्या गाडीला पुढचे तीन दिवस वाट नव्हती. दुचाकी मात्र खोडाखालून तिरपी करून, कोठें दोघांनीं उचलून, कोठें तारांना वळसा घालून नेतां येत होती. अकरा किलोमीटरांना साडेतीन तास लागले. परततांना पुतण्यानें थोरल्या बंधूंचीं मधुमेहाचीं औषधें आणि आणखी सात घरांचीं औषधें आणलीं. पुढें तीन आठवडे गांवांत वीज नव्हती, म्हणून पंप बंद, म्हणून त्याचा धंदाही बंद. पण ती मोटारसायकल एक दिवस उभी राहिली नाहीं. तिच्या बॅटरीवर आळींतील लोकांचे मोबाईल चार्ज होत, आणि पुण्या-मुंबईस असलेल्या मुलांना 'आम्ही सुखरूप आहों' एवढा निरोप जाई. ५ जूनला वटपौर्णिमा होती. गांवचा वड उन्मळून पडलेला. बायकांनीं पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलें. सून त्या दिवशींही कामावर होती.

स्कूटरचा सांगाडा वांकला होता आणि इंजिनाचें कवच फुटलें होतें. भंगाराच्या भावानें ती गेली. विम्याचे पैसे मिळाले नाहींत, कारण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात, तेवढाच विमा तिचा काढलेला होता. असा विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. वादळ, पूर यांनीं आपल्या गाडीचें झालेलें नुकसान सर्वंकष विम्यांतच भरून मिळतें. टाळेबंदींत खर्च आटोक्यांत ठेवावा म्हणून एवढाच विमा पुरे, हा सल्ला कोणीं दिला होता, हें सांगण्याची गरज नसावी.

पुढील वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते' आलें. तें १५ व १६ मे २०२१ रोजीं कोंकणच्या किनाऱ्याला समांतर, समुद्रांतूनच उत्तरेकडे गेलें आणि १७ मेच्या रात्रीं गुजरातेंत किनाऱ्यावर चढलें. त्यामुळें आमच्याकडे वारा दक्षिणेच्या अंगानें आला. पाठ करून उभें राहून पाहिलें तर डाव्या हाताला समुद्र, नियमाप्रमाणें. या खेपेस आम्हीं वाऱ्याच्या दिशेवर अनुमानें बांधलीं नाहींत. दिशा बदलते, हें एकदां कळल्यावर 'आडोसा' हा शब्दच आम्हीं सोडून दिला. आतां विचार एकाच गोष्टीचा करतों: गाडीवर पडण्यासारखें आजूबाजूस काय आहे? गाडी स्वतः पडली तर आरसा फुटतो, ब्रेकची मूठ वांकते, पाय ठेवण्याची दांडी मोडते. हें सर्व चार दिवसांत दुरुस्त होतें. गाडीवर माड, फणसाची फांदी, विजेचा खांब किंवा मातींत रचलेली भिंत पडली, तर दुरुस्त करावयास कांहीं उरत नाहीं. म्हणून माडाखालीं आणि जुन्या आंब्याखालीं गाडी कधींही ठेवूं नये. गडग्याला टेकून तर नाहींच. घरांत जागा नसेल तर शाळेची किंवा देवळाची पक्की इमारत आदल्या दिवशीं विचारून ठेवावी. चार गाड्या एका ओळींत लावल्यास एक पडली कीं ओळ पडते. मधें पेंढ्यानें भरलेलीं पोतीं घालावीं.

घर उंच जोत्याचें असेल तर गाडी वर चढविणें हाच मुख्य प्रश्न असतो. आमच्याकडे आतां त्यासाठीं फणसाच्या दोन जाड फळ्या आहेत. एक जण मागून रेटतो, एक हँडल धरून ओढतो. इंजिन चालूं करून गाडी आंत घेऊं नये, आणि बंद खोलींत तर इंजिन क्षणभरही चालूं ठेवूं नये, कारण त्या धुराला वास नसलेला एक विषारी वायु असतो आणि तो माणसास झोंपेंतच नेतो. जुन्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक असतो तो बंद करावा, आणि त्या खोलींत समई, मेणबत्ती, उदबत्ती कांहीं लावूं नये. टांकी मात्र आधींच पूर्ण भरून आणावी. एक तर वादळानंतर वीज नसल्यामुळें पंपावर पेट्रोल मिळत नाहीं. आणि रिकाम्या टांकींतील दमट हवेचें पाणी होऊन तें पेट्रोलमध्यें उतरतें, तसें भरलेल्या टांकींत होत नाहीं.

बाहेरच ठेवणें भाग असेल तर मोकळ्या, उंच जागीं, जमिनींत पक्क्या रोवलेल्या दोन खुंटांच्या मधें ठेवावी आणि दोन्ही बाजूंनीं खालच्या सांगाड्याला दोर बांधावे. हँडलला किंवा दिव्यांना दोर बांधणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांची गाडी राहते आणि हँडल वांकतें. नायलॉनची दोरी भिजली कीं ताणते व सैल पडते. आमच्याकडचा काथ्या खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाहीं. गिअरची गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवावी, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुढचा ब्रेक आंवळून बांधावा. ताडपत्री नको. घालावयाचीच असेल तर अंगाशीं इतकी घट्ट कीं तिला कोठें पोट सुटणार नाहीं. सायलेन्सरच्या तोंडाशीं चिंधीचा बोळा बसवावा, आणि काढावयाची आठवण राहावी म्हणून किल्लीला एक लाल दोरा बांधावा. हा दोरा वहिनींनीं सुचविला.

वाऱ्यापेक्षां पाण्याचें भय कांहीं ठिकाणीं अधिक. 'निसर्ग' आलें तेव्हां पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरतीही मोठी. खाडीकांठच्या घरांनीं गाडी केवळ आंत न घेतां उंचावर घ्यावी, आणि बॅटरीच्या तारा सोडून ठेवाव्या; आधीं ऋण बाजूची, मग धन; जोडतांना याच्या उलट. गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर उतावीळपणें किक मारूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येतांना मधें पाणी सांपडलें कीं त्याचा दांडा वांकतो, आणि पांचशें रुपयांचें काम पंधरा हजारांवर जातें. शिवाय अशा वेळीं इंजिन सुरूं करून वाढविलेलें नुकसान विमेवाले सहसा मान्य करीत नाहींत. तेलाची कांडी काढून पाहावी: तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर पाणी शिरलें आहे. मग तेल ओतून टाकावें, स्पार्क प्लग काढून किक हळूहळू फिरवून पाणी बाहेर पडूं द्यावें, हवेचा फिल्टर बदलावा. खारें पाणी असेल तर गोड्या पाण्यानें त्याच दिवशीं धुवावी. दुसऱ्या दिवशीं धुऊं, असें म्हणणाऱ्याच्या गाडीची साखळी पहिल्या दिवशींच तांबूस झालेली असते.

गांवांत आतां विजेच्या स्कूटरीही आल्या आहेत. त्यांना धूर नाहीं, पेट्रोलची वाफ नाहीं, म्हणून त्या घरांत घेणें सोपें. पण खाऱ्या पाण्यांत बुडालेली अशी गाडी घरांत ठेवूं नये आणि चार्जिंगला तर मुळींच लावूं नये. सप्टेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत 'इयन' नांवाचें वादळ झालें; त्यानंतर समुद्राच्या पाण्यांत बुडून निघालेल्या विजेच्या कांहीं मोटारी मागाहून आपोआप पेटल्या. पाणी ओसरलें म्हणजे धोका ओसरला, असें त्यांच्या बाबतींत धरतां येत नाहीं.

हें सर्व वेळेवर व्हावयाचें तर इशारा वाचतां आला पाहिजे. हवामानखातें सुमारें ४८ तास आधीं सूचना देतें आणि २४ तास आधीं पक्का इशारा देतें. आमच्या अनुभवानें गाडीचें काम पहिल्या सूचनेलाच उरकावें. पक्क्या इशाऱ्यानंतरचा दिवस माणसें, गुरें, धान्य आणि पिण्याचें पाणी यांतच जातो. वारा सुटल्यावर गाडीसाठीं दार उघडूं नये. मधें शांत झालें तरी नाहीं. वारा हळूहळू कमी होत आला असेल तर वादळ गेलें, आणि एकदम थांबला असेल तर तें अर्धेंच गेलें आहे, एवढें घरांतील प्रत्येकास, मुलांसकट, सांगून ठेवावें.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं दारांत एवढेंच म्हटलें कीं, पत्र पाठवितों. सुनेनें पुढल्या वर्षीं दुसरी स्कूटर घेतली, जुनीच, पण सर्वंकष विम्याची. थोरल्या बंधूंची स्कूटर त्यांनीं स्वतः होऊन विकावयास काढली आणि ओटीचा तो कोपरा मोकळा झाला. फणसाच्या फळ्या एरवीं माळ्यावर असतात; मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत त्या खालीं काढून जोत्याला लावून पाहावयाच्या, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. यंदां आम्ही सकाळीं संध्या आटोपून ओटीवर आलों, तों फळ्या लावलेल्या होत्या, आणि सून आपली स्कूटर एकटीनेंच वर चढवून पाहात होती.